कॉल आला का?

आमच्या भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांमध्ये "कसं काय?" असं फारसं कोणी विचारत नाही. दूधवाला, शेजारच्या काकू, मुलीच्या शाळेच्या रिक्षाचे मामा, सगळ्यांचा प्रश्न एकच, "कॉल आला का?" कॉल म्हणजे लॉबीतून, म्हणजे आमच्या ड्यूट्या लावणाऱ्या ऑफिसातून, येणारा फोन. अमुक वाजता साइन ऑन, म्हणजे ड्यूटीवर हजेरी, अमुक ठिकाणची गाडी. साइन ऑनच्या दोन तास आधी तो यायला हवा, आणि बहुतेकदा येतो. त्या दोन तासांत अंघोळ, जेवण, डबा, बॅग. हे दोन तास निदान आपले असतात. त्यांच्या आधीचे तास कोणाच्या मालकीचे, हे मला दहा वर्षांत नीट कळलेलं नाही. भाजी आणायला बाजारात जावं की न जावं इथपासून विचार करावा लागतो.

मी मालगाडीचा लोको पायलट आहे. मेल-एक्सप्रेसवाल्यांना लिंक असते, म्हणजे ठरलेला पाळीचा तक्ता. पुढच्या पंधरा तारखेला रात्री आपण कुठल्या गावी झोपलेले असू, हे त्यांना आजच सांगता येतं. मालगाडीला लिंक नाही. वणी-घुग्घुसकडे कोळसा भरून झाला की गाडी निघते, रावेर-सावद्याला केळी भरायला रिकामे डबे हवे असले की निघते, पानेवाडीचा टँकरचा रेक, म्हणजे डब्यांची अख्खी माळ, तयार झाला की निघते. मी आज रात्री कुठे असणार ते कोळसा, केळी आणि डिझेल मिळून ठरवतात. बायकोला मी लग्नाच्या आधीच सांगितलं होतं, "रात्री-अपरात्री जावं लागेल." तिला वाटलं, रात्रपाळी. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येतो. मी सकाळी बडनेऱ्याला असतो.

२०१४ च्या भरतीतून मी आलो. आयटीआय, इलेक्ट्रिशियन. लेखी परीक्षेचं काही वाटलं नाही, पोटात गोळा होता तो मेडिकलचा. ए-वन मेडिकल म्हणजे चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६, आणि रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे एका दमात वाचता आले पाहिजेत. माझ्यासोबतचा धुळ्याचा एक मुलगा त्या पुस्तकावर अडकला. ७४ च्या जागी त्याला २१ दिसला. आपल्याला काही रंग नीट दिसत नाहीत हे त्याला बाविसाव्या वर्षी, त्या खुर्चीवर बसल्यावर कळलं. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "मग मी आजवर पिकलेला टोमॅटो कसा ओळखत होतो?" मला हसूही येईना आणि त्याची समजूतही घालता येईना.

डोळे तपासले, कान तपासले, रक्तदाब, साखर, सायको टेस्टमध्ये एकाग्रता. झोपेबद्दल मात्र मला कोणी काही विचारलं नाही. आणि पुढची दहा वर्षं मी मुख्यतः झोपच शिकलो.

भुसावळच्या झोनल ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये नियम शिकवले, सिग्नल शिकवले, इंजिनाची सर्किटं पाठ करून घेतली. मग असिस्टंट म्हणून लाइनवर. असिस्टंटचं काम बाहेरून बघणाऱ्याला गमतीचं वाटेल. सिग्नल दिसला की हात लांब करून मोठ्याने तो सांगायचा, पायलटने तोच परत म्हणायचा. "डबल येलो!" "डबल येलो." "होम हिरवा!" "होम हिरवा." होम म्हणजे स्टेशनात शिरायच्या आधीचा सिग्नल. दोन मोठी माणसं एका खोपटात बसून रात्रभर एकमेकांना रंग सांगतात. पण दोघांपैकी एकाचा आवाज मंद झाला की दुसऱ्याला लगेच कळतं, आणि तोच त्याचा उपयोग.

नवीन सेक्शनवर गाडी न्यायच्या आधी एलआर करावी लागते, लर्निंग रोड. कमीत कमी तीन फेऱ्या, त्यातली एक तरी रात्रीची. रात्रीची का, ते पहिल्याच फेरीत समजलं. दिवसा पाहिलेली लाइन रात्री ओळख देत नाही. दिवसा खुणेचं चिंचेचं झाड असतं, रात्री ते नसतंच. रात्रीच्या खुणा वेगळ्या गोळा कराव्या लागतात. पारसच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीवरचे लाल दिवे. शेगावच्या फलाटावर ओळीने झोपलेले वारकरी. पाचोऱ्याच्या पुढे शेतांत हलणाऱ्या बॅटऱ्या, कारण शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते आणि पाणी भरायला माणसं तेव्हाच जातात. त्या बॅटऱ्यांकडे मी जरा जास्तच बघायचो. त्याचं कारण पुढे येईल.

पहिला मुक्काम इगतपुरीचा. जुलै महिना, पहाटेचे पाच, पाऊस असा की प्लॅटफॉर्मचा पत्रा बोलत होता. माझे पायलट निवृत्तीला आलेले, लॉबीत सगळे त्यांना काका म्हणत. त्या वेळी काकांकडे अजून लोखंडी लाइन बॉक्स होता. त्यात झेंडे, फटाके, टॉर्च, नियमांची पुस्तकं, आणि एका कोपऱ्यात तांदूळ, तुरीची डाळ आणि तिखटाची डबी. फटाके म्हणजे दिवाळीचे नव्हेत. पुढे धोका असेल तर मागून येणाऱ्या गाडीला आवाजाने थांबवायला रुळावर लावायचे. बॉक्समध्ये फटाके आणि डाळ शेजारी शेजारी. आता ते बॉक्स जाऊन चाकांच्या बॅगा आल्या, पाठीला बरं झालं.

रनिंग रूम म्हणजे लॉज नाही आणि हॉस्टेलही नाही. सही करायची, चादर-उशी घ्यायची, खाटेचा नंबर घ्यायचा. मच्छरदाणी, कोपऱ्यात मंद दिवा. कोणी येतोय, कोणी निघालाय, चोवीस तास. मला मिळालेली गादी अजून उबदार होती. कोणीतरी दहा मिनिटांपूर्वी तिच्यावरून उठून गाडी घेऊन गेला होता. घरी कधी दुसऱ्याच्या ताटात न जेवलेला मी, त्या उबेवर पाठ टेकवायला धजेना. बसूनच राहिलो.

काकांनी तोवर पाय धुतले, पंचा ओला करून पिळला, डोळ्यांवर टाकला आणि पडल्या पडल्या म्हणाले, "आचाऱ्याला डाळ दिलीय. उठल्यावर खाऊ. आधी जेवून झोपलास तर पोट जागं राहतं." आणि खरोखर, वाक्य संपायच्या आत घोरायला लागले.

मला झोप आली नाही. इगतपुरीला झोपणं तसंही अवघडच. कसाऱ्याहून थळ घाटाचा १:३७ चा चढ चढवायला गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. ती वर आल्यावर सुटतात, परत खाली जातात. दिवसरात्र शिट्ट्या, कपलिंगचा खडखडाट, ब्रेकची हवा सुटल्याचा फुस्स आवाज. प्रत्येक शिट्टीला मी डोळे उघडत होतो, कारण शिट्टी म्हणजे जागं होणं, हेच तर सहा महिने शिकवलं होतं. दुपारी उठवणाऱ्याने खाटेच्या दांड्यावर टकटक केली तेव्हा माझी झोप झाली असेल दीड तास. काकांनी डाळ-भात समोर ठेवला, माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "गाडी चालवायला कोणीही शिकतो. हे शिक."

नियम कागदावर साधा आहे. आठ तास किंवा जास्त ड्यूटी झाली, तर बाहेरगावी आठ तास विश्रांती आणि मुख्यालयात, म्हणजे माझ्यासाठी भुसावळला, सोळा. आठ तास ऐकायला पुरेसे वाटतात. पण ते सुरू होतात साइन ऑफपासून. लॉबीतून रूमपर्यंत चालणं, अंघोळीची रांग, जेवण, पुढच्या ड्यूटीची तयारी, हे सगळं त्या आठातच. गादीवर पाच-साडेपाच तास उरतात, तेही शेजारच्या खाटेवर कोणी घोरत नसला तर. शिवाय रात्री अकराला सुरू झालेले पाच तास आणि मे महिन्यात सकाळी दहाला सुरू झालेले पाच तास हे एक नव्हेत. आता बऱ्याच रनिंग रूममध्ये एसी आलेत. पूर्वी मात्र ४५ अंशात पंखा गरम हवा फक्त ढवळायचा आणि आम्ही गच्च ओली चादर पांघरून पडायचो. अर्ध्या तासात ती कडकडीत वाळायची. एका रनिंग रूममध्ये, नाव नको, ढेकणांनी आम्हाला दोन महिने व्हरांड्यात झोपवलं. तक्रारवहीत सगळ्यांनी लिहिलं. माझ्या आधीच्या पानावर कोणीतरी फक्त एवढंच लिहिलं होतं, "ढेकूण वेळेवर येतात."

हळूहळू जमलं. काकांचा ओला पंचा मी उचलला, आधी झोप मग जेवण हेही उचललं. स्वतःचं एक शोधलं. गादीवर पडल्यावर मी आलेल्या सेक्शनची स्टेशनं उलटी म्हणतो. भुसावळहून मनमाडला आलो असलो तर पानेवाडी, हिसवहळ, पांझण, नांदगाव, पिंपरखेड, न्यायडोंगरी... चाळीसगावच्या पुढे मी सहसा जात नाही. घरी हाच उपाय करून बघितला, तर भुसावळपर्यंत पोचलो तरी टक्क जागा. घरच्या गादीवर परत कुठे जायचं?

२०२१ ला मी पायलट झालो, उजव्या खुर्चीवरून डाव्या खुर्चीवर आलो. आता एक रात्र सांगतो. ही मी लॉबीत कोणाला सांगितलेली नाही.

जानेवारी. बडनेऱ्याहून कोळशाचा भरलेला रेक, पाच हजार टनांच्या आसपास. साइन ऑन २३.४०. दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकलं, कॉशन ऑर्डर, म्हणजे वाटेत कुठे वेग कमी ठेवायचा त्याचा कागद, घेतली, वाचली, असिस्टंटला वाचून दाखवली. फोन बंद करून बॅगेत. ही सलग तिसरी रात्र होती. सलग दोनपेक्षा जास्त रात्री लावू नका, ही आमच्या संघटनांची जुनी मागणी आहे. का, ते आता लिहितो.

मूर्तिजापूरला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, घातलं. मागून दोन मेल यायच्या होत्या. लूपमध्ये उभं राहणं हे चालवण्यापेक्षा वाईट. चालत्या गाडीत वारा असतो, आवाज असतो, काही ना काही करायचं असतं. लूपमध्ये समोर एक लाल दिवा आणि त्याच्याकडे बघत राहायचं. पहिली मेल गेली, तिचे उजळ डबे खडखडत गेले, आत माणसं पांघरुणं घेऊन झोपलेली. दुसरी चाळीस मिनिटांनी. मग स्टार्टर, म्हणजे स्टेशनातून निघायचा सिग्नल, पिवळा झाला आणि आम्ही निघालो. अकोला तीन वाजून गेल्यावर पास झालं.

इंजिनात व्हीसीडी नावाचं एक यंत्र असतं. मिनिटभर पायलटने काहीच हालचाल केली नाही, हॉर्न नाही, ब्रेक नाही, हँडल नाही, तर आधी दिवा लुकलुकतो. तरी काही केलं नाही तर बझर वाजतो. आणि तरीही बटण दाबलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतात. म्हणजे पायलट झोपला किंवा काही झालं तरी गाडी थांबावी. कल्पना उत्तम.

गायगाव गेलं. पारसचा डिस्टंट, म्हणजे होमच्याही आधी लागणारा सिग्नल, मी पाहिला, हिरवा म्हणालो, चिमणीचे लाल दिवे पाहिले. त्यानंतर मला आठवतो तो शेगावचा डिस्टंट. मधे नागझरी आहे. आख्खं स्टेशन. त्याचा डिस्टंट, होम, स्टार्टर. मी असिस्टंटला विचारलं, "नागझरी कधी गेलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "सर, तुम्हीच म्हणालात ना, होम हिरवा, स्टार्टर हिरवा. मी ऐकलं."

मी म्हणालो होतो. हातही केला होता. व्हीसीडीचं बटण वेळच्या वेळी दाबलं होतं, नाहीतर ब्रेक लागले असते. डोळे उघडे होते. फक्त मी तिथे नव्हतो. दहा-बारा मिनिटं माझं शरीर माझ्याशिवाय नोकरी करत होतं, आणि बरोबर करत होतं, कारण सगळे सिग्नल हिरवे होते. एक जर पिवळा असता तर? हा प्रश्न मी शेगावपासून भुसावळपर्यंत उभा राहून वागवला. खरोखर उभा राहून, खुर्चीवर बसलोच नाही. खिडकी पूर्ण उघडली, जानेवारीचा वारा सुऱ्यासारखा. मलकापूर, बोदवड, वरणगाव, प्रत्येक सिग्नल मी ओरडून सांगितला. असिस्टंट बिचारा प्रत्येक वेळी दचकला.

लाल सिग्नल ओलांडला तर आमची नोकरी जाऊ शकते. आम्ही त्याला स्पॅड म्हणतो आणि हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही. मी त्या रात्री काहीच ओलांडलं नव्हतं, त्यामुळे कुठे काही लिहून द्यायचा प्रश्न नव्हता. लिहिलं असतं तरी काय लिहिलं असतं? "सर्व सिग्नल अचूक पाहिले, आठवत नाहीत"? पण तेव्हापासून मी एक करतो. कॉल आला आणि मागची झोप खरोखर झालेली नसली, तर सांगतो की झालेली नाही. दोनदा मला बोलणी बसली. तिसऱ्यांदा दुसरा क्रू पाठवला. मला वाटतं, हे सुरुवातीला कोणी तरी शिकवायला हवं होतं. सर्किटं मी पुस्तकातून परत वाचू शकलो असतो.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती लांबवण्यासारखी नाही. एका संध्याकाळी एक माणूस रुळावर आला. मी हॉर्न धरून ठेवला, ब्रेक लावले. भरलेली मालगाडी जागच्या जागी थांबत नाही, किलोमीटरभर तरी जाते. हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत असावं. वॉकीटॉकीवर सांगितलं, पुढच्या स्टेशनला मेमो दिला आणि गाडी पुढे नेली, कारण ती दुसरं कोणी नेणार नव्हतं. त्या रात्रीही विश्रांती बाहेरगावीच होती. मी आणि असिस्टंट रनिंग रूमच्या पायरीवर बसून राहिलो. आचाऱ्याला काय झालं ते कोणी सांगितलं कोण जाणे. तो न विचारता चहा आणत राहिला, चार वेळा. घरी फोन केला तेव्हा बायको मुलीच्या गॅदरिंगबद्दल सांगत होती. मी ऐकत राहिलो. तिला सांगितलं तिसऱ्या दिवशी, घरी आल्यावर, भाजी निवडताना. बाहेरच्या रात्रींत मला सगळ्यात जड गेलेली रात्र हीच.

लोक म्हणतात, पगार चांगला आहे. आहे. मूळ पगार, त्यावर किलोमीटरप्रमाणे मिळणारा रनिंग अलाउन्स, ज्याला आम्ही मायलेज म्हणतो. गाड्या पळाल्या तर मायलेज, लूपमध्ये सडलात तर कमी. गावाकडे चुलते अजून मला "डायव्हर" म्हणतात. हुद्द्याचं नाव लोको पायलट झालं, गार्डचं २०२२ मध्ये ट्रेन मॅनेजर झालं, पण चुलत्यांपर्यंत ते परिपत्रक पोचलेलं नाही.

पगारात न बसणाऱ्या गोष्टी वेगळ्या. बहुतेक इंजिनांत संडास नाही. मी पुरुष, गाडी लूपमध्ये थांबली की उतरून बाजूला जातो. माझ्यासोबत एकदा असिस्टंट म्हणून पंचविशीची मुलगी होती. बारा तासांत तिने पाण्याच्या बाटलीला दोनदा तोंड लावलं असेल, तेही मे महिन्यात. मी म्हटलं, "अगं पाणी पी, चक्कर येईल." ती म्हणाली, "सर, चक्कर परवडते." साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये असिस्टंट ड्रायव्हर झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला ट्रेनचालक म्हणून त्यांचं नाव घेतात. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या बातम्यांत हार, पेढे, वंदे भारतसमोरचा फोटो असतो. मला दर वेळी त्या मुलीची भरलेली बाटली आठवते.

घरचं सांगायचं तर, मी घरी नसतो याची घराला सवय झालीय. मी घरी असलो की अडचण होते. सोळा तासांतले पहिले आठ मी झोपतो आणि तेवढा वेळ घर मुकं होतं. दाराची बेल बायकोने काढून टाकलीय, दारावर पाटी आहे, "हळू वाजवा." मी झोपलेला असताना ती कुकर लावत नाही, डाळ पातेल्यात शिजवते. कारण एकदा कुकरची शिट्टी ऐकून मी झोपेत उठून बसलो होतो आणि "फाटक!" म्हणून ओरडलो होतो. मुलगी या सगळ्यात वाढली. पहिलीत गेली तेव्हा बाईंनी बोलावून सांगितलं, हुशार आहे, पण वर्गात इतकं हळू बोलते की ऐकू येत नाही. बायको माझ्याकडे बघून गप्प बसली. मी त्या दिवशी ठरवलं की मी झोपलेलो असताना तिने हवं तेवढं ओरडावं. आता ती ओरडते. मला झोप लागत नाही. चालायचंच.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बायको रोज एक अक्षर लिहिते. ब म्हणजे बडनेरा, म म्हणजे मनमाड, ख म्हणजे खंडवा, इ म्हणजे इगतपुरी. घरी असलो तर नुसता गोल. महिन्याच्या शेवटी मायलेजचा हिशेब जुळवायला ते कामाला येतं, असं ती म्हणते. गेल्या ऑक्टोबरात सतरा अक्षरं होती. मी म्हटलं, "फार झालं ना?" ती म्हणाली, "तुम्ही नसले की माझं सगळं वेळेवर होतं." त्यात टोमणा किती आणि खरं किती, हे मी अजून मोजतोय.

नियमाने बाहेर गेलेल्या क्रूला ७२ तासांत मुख्यालयात परत आणायचं असतं. ते ३६ तासांवर आणा, अशी मागणी आहे. ७२ तास म्हणजे तीन अक्षरं. एका दिवाळीला मी भाऊबीजेच्या संध्याकाळी मनमाडच्या रनिंग रूममध्ये होतो, आठ जण. आचाऱ्याच्या बहिणीने त्याला ओवाळायला आणलेलं ताट तिने आम्हा सगळ्यांसमोर फिरवलं. आठ जणांत ओवाळणीला सुटे पैसे कोणाकडेच नाहीत. शेवटी एकाने यूपीआय केलं.

आता त्या बॅटऱ्यांबद्दल.

माझं गाव चाळीसगाव आणि नांदगावच्या मधे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. आमची जमीन लाइनीला लागूनच. आप्पा सत्तरीला आलेत, तरी रात्री लाइट आली की पाणी भरायला स्वतः जातात. कितीही सांगा. आमच्या शेताजवळ फाटक होतं आणि त्याच्या आधी सी/फा चा बोर्ड, म्हणजे तिथे शिट्टी वाजवायची. मी असिस्टंट असल्यापासून आमची खूण ठरली होती. शिट्टी नियमाचीच, पण मी मधे एक बारीक खंड पाडायचो. आप्पा बांधावरून बॅटरी गोल फिरवायचे. रात्री दोन वाजता आम्ही बापलेक दोघंही जागे, दोघंही कामावर, मधे फार तर साठ-सत्तर मीटर. मग सकाळी साइन ऑफ झाल्यावर फोन लावला की त्यांचा पहिला प्रश्न, "कथा शे रे?" कुठे आहेस. मनमाड म्हटलं की ते म्हणायचे, हो, गेला ना तू, पाहिलं मी.

मग फाटक बंद झालं. खालून बोगदा केला. गावाची सोय झाली, बैलगाडीला आता ताटकळावं लागत नाही. फाटक गेलं तसा बोर्डही गेला. विनाकारण शिट्टी वाजवायची नसते. तेव्हापासून मी तिथे हेडलाइट क्षणभर डिम करतो. समोरून गाडी आली की डिम करायचाच असतो, तेवढाच. आप्पांना हे सांगितलं होतं.

मागच्या महिन्यात इगतपुरीच्या रनिंग रूमवर होतो. सकाळी उठून फोन लावला. आप्पा खुशीत होते. रात्री दोनला गेलास ना, लाइट बारीक केलास, मी बॅटरी फिरवली, दिसली का?

मी म्हटलं, "आप्पा, मी नव्हतो. मी काल दुपारीच गेलो तिथून. रात्री इगतपुरीला झोपलो होतो."

"मग लाइट कोणी बारीक केला?"

"असेल कोणी. समोरून गाडी आली असेल त्याच्या."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागे मोटरीचा आवाज येत होता.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "जागा व्हता ना."